पियानो जड लागतोय? आधी पाचची नाणी ठेवून बघा

संपादक महोदय,

वसईत मी पंचवीस वर्षं मुलांना पियानो शिकवते. यंदा जुलैत माझ्या हातून एक चूक झाली. ती इतर शिक्षकांकडून होऊ नये म्हणून हे पत्र. अकरा वर्षांची एक विद्यार्थिनी मनगट दुखतं म्हणत होती आणि मी तिला ‘बोटांत जोर आण’ म्हणून दटावत राहिले. एकदा तिच्या घरी गेले, तिच्या उभ्या पियानोवर स्वतः बसले, आणि पाच मिनिटांत माझाच हात भरून आला.

पाच रुपयांचं 2019च्या आधीचं गोल पिवळं नाणं 6 ग्रॅमचं असतं. उजवं पेडल दाबून धरायचं आणि मधल्या एखाद्या पांढऱ्या पट्टीच्या पुढच्या टोकावर नाणी रचत जायचं. आठ-नऊ नाण्यांत, म्हणजे 50 ग्रॅमच्या आसपास, पट्टी सावकाश खाली गेली पाहिजे. तिथे तेरा लागली. (पेडल सोडल्यावरच पट्टी फार जड होत असेल, तर दोष बहुधा डँपरच्या, म्हणजे तारेवर टेकून सूर थांबवणाऱ्या गाद्यांच्या, स्प्रिंगांत असतो. इथे तसं नव्हतं.)

वरचं झाकण उघडून हातोड्या बोटाने तारांकडे ढकलून सोडल्या. बऱ्याचशा झटकन मागे आल्या, काही रेंगाळल्या. पट्टी डावी-उजवीकडे केसभर तरी हलायला हवी, ती गच्च होती. पावसाळी हवेने पट्टीखालच्या पिनांभोवतीचं फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं कापड, फुगलं होतं. त्यातच दोन वर्षांपूर्वी कुणी दुरुस्तीवाल्याने आत मशीनचं तेल मारलेलं. फेल्टने ते पिऊन घेतलं, वर धूळ बसली. कृपा करून पियानोत तेल कुणालाही घालू देऊ नका. त्याचा मला आजही राग येतो.

जाणत्या कारागिराने फेल्ट खास पकडीने दाबून मोकळं केलं, तेही बेतानेच. पावसात जास्त सैल केलेली पट्टी मार्चमध्ये खडखडते. रेंगाळणाऱ्या हातोड्या ज्या बारीक पिनांवर फिरतात, त्या गंजल्या आहेत. हवा कोरडी झाली की त्या बदलायच्या. तोवर आत ओल धरू नये म्हणून पियानोच्या खालच्या कप्प्यात, लाकडापासून लांब, एक छोटा तापणारा बल्ब लावून ठेवला आहे.

मुलगी सध्या सरावाला माझ्याकडे येते. मी तिची माफी मागितली आहे.

— एक पियानो शिक्षिका, वसई