लॅपटॉपवरचा पियानो जुळवूनच हाती द्या

संपादक महोदय,

शाळांना सुटी लागली की सांगली-मिरजेत पेटी-तबल्याबरोबर कीबोर्डच्या वर्गांनाही गर्दी होते. खरा पियानो ना घरातल्या जागेत बसतो, ना खिशाला झेपतो. म्हणून आता बरेच पालक मिडी कीबोर्ड घेतात, तो लॅपटॉपला जोडतात आणि त्यावर पियानोचे सॉफ्टवेअर टाकतात. निवड चांगलीच आहे. पण आठ-पंधरा दिवसांत तक्रारी सुरू होतात. पट्टी दाबली की आवाज उशिरा येतो, मध्येच तडतडतो, पेडल दाबले की फाटतो. मग कुणी कीबोर्ड बदलून आणतो, कुणी नवा लॅपटॉप घ्यायला निघतो. यातल्या बहुतेक घरांत बदलायची असते ती ऑडिओ ड्रायव्हरची, म्हणजे सॉफ्टवेअरचा आवाज स्पीकरपर्यंत नेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची निवड, आणि तो ड्रायव्हर बहुधा फुकट मिळतो. विकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी ही जबाबदारी स्वतःकडे घ्यावी, म्हणून हे पत्र.

आधी कीबोर्डवरचा आळ काढून टाकू. मिडी कीबोर्ड आवाज पाठवतच नाही. कोणती पट्टी, किती जोरात दाबली, एवढाच निरोप तो पाठवतो. हा निरोप तीन बाइटचा असतो. १९८३ पासून चालत आलेल्या जुन्या गोल पिनांच्या मिडी केबलमधूनही तो साधारण एका मिलिसेकंदात पोहोचतो. यूएसबीवर तर प्रश्नच नाही. उशीर होतो तो पुढे, लॅपटॉपमध्ये. सॉफ्टवेअर आवाज सलग देत नाही, तुकड्या-तुकड्यांनी तयार करून साऊंड कार्डाकडे देते. या तुकड्याचा आकार म्हणजे बफर. बफरला सॅम्पल रेटने, म्हणजे एका सेकंदाच्या आवाजात किती नमुने असतात त्या आकड्याने, भागले की उशीर निघतो. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला ५१२ चा बफर म्हणजे ११.६ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, १२८ म्हणजे २.९. त्यावर कार्डाचे आणि ड्रायव्हरचे आणखी काही मिलिसेकंद चढतात.

एका मिलिसेकंदात आवाज सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे एकूण उशीर १० मिलिसेकंद असेल, तर तो साडेतीन मीटरवरच्या स्पीकरमधून ऐकल्यासारखा होतो, हाताला चालतो. वीसच्या पुढे पट्ट्या जड वाटू लागतात. विंडोजच्या जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरवर तर तो ५० ते १०० किंवा त्याहूनही जास्त होतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते. १०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे मात्रेचा चांगला दोन-पंचमांश भाग! मूल तक्रार करत नाही, नकळत पट्टी आधी दाबायला शिकते. मग तेच मूल तबल्याच्या साथीला बसले की लयीच्या पुढे पळते आणि ‘याला लयच नाही’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. एवढ्यासाठी तरी हा विषय पालकांनी किरकोळ समजू नये.

आता प्रत्यक्ष जुळवणी. पियानोच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये एक यादी असते: डायरेक्ट साऊंड, विंडोज ऑडिओ, विंडोज ऑडिओ एक्सक्लुझिव्ह मोड, आसिओ. सॉफ्टवेअर टाकल्यावर आपोआप पहिल्या दोनांपैकी एक निवडले जाते, आणि घोळ तिथेच होतो. त्या दोन्ही वाटांनी आवाज विंडोजच्या मिक्सरमधून जातो. यूट्यूब, ईमेलची टिंग आणि तुमचा पियानो हे सगळे एकत्र करून पुढे पाठवायचे, हे त्या मिक्सरचे काम, आणि त्याला वेळ लागतो. एक्सक्लुझिव्ह मोड आणि आसिओ या वाटा त्याला बगल देतात. आसिओ ही स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणलेली पद्धत आजही विंडोजवर संगीताच्या कामासाठी सर्वांत भरवशाची आहे.

काहीही नवे न टाकता पहिला प्रयोग एक्सक्लुझिव्ह मोडचा करावा. कंट्रोल पॅनेलमधल्या साऊंडमध्ये जाऊन, प्लेबॅकच्या यादीतल्या आपल्या स्पीकरच्या प्रॉपर्टीज उघडाव्यात. अॅडव्हान्स्डच्या पानावर एक्सक्लुझिव्ह मोडच्या दोन्ही चौकटींत खूण हवी. तिथेच सॅम्पल रेट दिसतो. सॉफ्टवेअरमध्येही तोच ठेवावा. याच खिडकीत ‘एन्हान्समेंट्स’ नावाचा भाग असेल तर तो पूर्ण बंद करावा. आवाज भारदस्त करणाऱ्या त्या सोयी सिनेमाला ठीक, पियानोला त्या उशीरच वाढवतात.

सॅम्पल रेट जुळला नाही तर काय होते, हे सुरांच्या माणसांना लगेच कळेल. सॉफ्टवेअर ४४,१०० ने आवाज देते आहे आणि कार्ड तो ४८,००० ने वाजवते आहे, असे झाले तर सगळे सप्तक साधारण दीड पट्टी वर सरकते. पांढरी एकचा सा काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध जाऊन बसतो. अशा वेळी सॉफ्टवेअरमधले ट्यूनिंग खाली ओढत बसू नये, दोन्हीकडचा आकडा एक करावा.

एक्सक्लुझिव्ह मोडने भागले नाही आणि वेगळा ऑडिओ इंटरफेस (यूएसबीने जोडायचे बाहेरचे साऊंड कार्ड) नसेल, तर ‘आसिओ-फोर-ऑल’ हा फुकटचा ड्रायव्हर आहे. तो त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावा. टाकल्यावर पियानोच्या सॉफ्टवेअरमध्ये आसिओ निवडून त्याचे पॅनेल उघडावे. डावीकडे लॅपटॉपमधली सगळी ध्वनिउपकरणे दिसतात. पान्याच्या चित्रावर टिचकी मारली की प्रत्येकाचे पोटभाग उघडतात. इथे फक्त स्पीकरचा किंवा हेडफोनचा आउटपुट चालू ठेवायचा. माइक, लाइन-इन, एचडीएमआय सगळे बंद. अनेक लॅपटॉपवर माइक आणि स्पीकर एकदम उघडायला गेले की दोन्ही अडतात आणि आवाजच येत नाही. खालची पट्टी बफरची. ती ५१२ वरून ६४-६४ ने खाली आणावी आणि प्रत्येक टप्प्यावर दोन्ही हातांनी, पेडल दाबून, भरगच्च वाजवून बघावे. तडतड ऐकू आली की एक टप्पा वर जाऊन तिथेच थांबावे. १९२ किंवा २५६ वर स्वच्छ चालले तर पुरे. ६४ चा हट्ट धरण्यात काही अर्थ नाही.

उपकरणाच्या नावापुढे लाल फुली दिसली तर ड्रायव्हर बिघडला असे समजू नये. बहुतेकदा मागे ब्राउझरमध्ये एखादा व्हिडिओ उघडा असतो आणि त्याने साऊंड कार्ड अडवून ठेवलेले असते. ब्राउझर पूर्ण बंद करावा, मग पियानोचे सॉफ्टवेअर पुन्हा उघडावे.

तडतड नेमकी कधी येते, हे ऐकले तर तिचे कारण सापडते. एकच सूर वाजवतानाही येत असेल तर बफर फार लहान आहे किंवा लॅपटॉपमधला दुसराच एखादा ड्रायव्हर मध्ये घुसतो आहे. वाय-फाय बंद करून बघावे. पुष्कळदा चोर तोच निघतो. ‘लेटन्सी-मॉन’ नावाचा छोटा प्रोग्रॅम दहा मिनिटे चालू ठेवला तर कोणता ड्रायव्हर अडथळा आणतो त्याचे नाव दाखवतो. फक्त पेडल दाबल्यावर आवाज फाटत असेल तर कारण वेगळे. पेडलमुळे जुने सूर थांबत नाहीत, नवे त्यावर साचत जातात आणि प्रोसेसर दमतो. तिथे बफर वाढवून फारसे साधत नाही, पॉलिफनीचा, म्हणजे एका वेळी किती सूर वाजू द्यायचे त्याचा, आकडा कमी करावा. आणि एखादा सूर पहिल्यांदा अडखळतो पण दुसऱ्यांदा नीट येतो, असे असेल तर दोष डिस्कचा. खऱ्या पियानोचे ध्वनिमुद्रण वापरणारी सॉफ्टवेअर त्याचे तुकडे वाजवता वाजवता डिस्कवरून उचलतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला ते झेपत नाही, एसएसडी हवी. तेवढा खर्च नको असेल तर पियानोटेकसारखे, ध्वनिमुद्रणाऐवजी गणिताने आवाज घडवणारे सॉफ्टवेअर घ्यावे. ते डिस्कवर अगदी थोडी जागा घेते, भार प्रोसेसरवर टाकते.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते-येते. लॅपटॉप बॅटरीवर आला की विंडोज प्रोसेसरचा वेग उतरवते आणि दिवसभर नीट चाललेला पियानो संध्याकाळी तडतडू लागतो. पॉवरच्या सेटिंगमध्ये ‘बेस्ट परफॉर्मन्स’ निवडताना तो चार्जर लावलेला असताना आणि बॅटरीवर असताना, दोन्हींसाठी निवडावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे’ अशा अर्थाची चौकट असते, तिच्यातली खूण काढावी. कीबोर्ड मध्येच तुटण्याचे ते नेहमीचे कारण आहे. कीबोर्ड थेट लॅपटॉपच्या यूएसबीत लावावा, स्वस्त हबमधून नको.

घरात आधीपासून असलेला, स्वतःचे स्पीकर असलेला कीबोर्ड लॅपटॉपला जोडणाऱ्यांना प्रत्येक सूर दोनदा ऐकू येतो. एक सूर कीबोर्डचा, एक लॅपटॉपचा. कीबोर्डच्या मेनूत ‘लोकल कंट्रोल’ (पट्टी दाबल्यावर कीबोर्डचा स्वतःचा आवाज वाजवणारी सोय) बंद करावा; तो नसेल तर कीबोर्डचा आवाज शून्यावर आणावा. पेडल उलटे चालत असेल, म्हणजे सोडल्यावर सूर लांबत असेल, तर कीबोर्ड बंद करून, पेडलवरून पाय काढून, मग चालू करावा. बरेच कीबोर्ड चालू होतानाच पेडलची स्थिती वाचून घेतात. ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामाला अजिबात नकोत. ब्लूटूथ स्वतःच शे-दोनशे मिलिसेकंद खातो, आणि त्यावर कोणत्याही ड्रायव्हरचा इलाज नाही. शंभर-दीडशे रुपयांचा वायरचा हेडफोन त्याहून बरा.

ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्यांची अडचण निराळी. पियानोने साऊंड कार्ड एकट्यासाठी घेतले की गुरुजींचा आवाज बंद पडतो. त्यावर सरळ उपाय म्हणजे दोन वाटा करणे: पियानो ऑडिओ इंटरफेसवर आणि वर्ग लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर. इंटरफेस घेताना एकच गोष्ट विचारावी, त्याला कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर आहे का? बेरिंजरच्या यूएमसी-२०२एचडीला तो आहे, त्याच घराण्यातल्या स्वस्त यूएमसी-२२ला नाही; तिथे पुन्हा आसिओ-फोर-ऑलच लागतो. स्वतःचा ड्रायव्हर असेल तर सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडावा. लॅपटॉप चार्जरवर असताना स्पीकरमधून गुणगुण येत असेल आणि चार्जर काढताच थांबत असेल, तर ते अर्थिंगचे दुखणे आहे. इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत तीन भागांच्या पिनेची (टीआरएस) बॅलन्स्ड केबल वापरल्यास गुणगुण बहुधा जाते.

मॅकवाल्यांना यातले जवळजवळ काहीच करावे लागत नाही. कोअर ऑडिओ ही कमी उशिराची ध्वनिपद्धत त्यात आधीच आहे, फक्त बफर १२८ वर आणावा.

मिरजेच्या कारागिराकडून तंबोरा जवारी लावल्याशिवाय, म्हणजे तारा गुंजाव्यात म्हणून घोडी घासून जुळवल्याशिवाय, गिऱ्हाईकाच्या हाती जात नाही. मिडी कीबोर्ड मात्र खोक्यातून काढला, केबल दाखवली, पावती फाडली, की व्यवहार संपतो. दुकानदारांनी गिऱ्हाईकाला लॅपटॉप घेऊन यायला सांगावे आणि वर लिहिलेली जुळवणी त्याच्यासमोर करून द्यावी. अर्ध्या तासाचे काम आहे. त्याचे शंभर-दोनशे रुपये वेगळे घेतले तरी कुणाची हरकत नसेल. संगीत वर्गांनीही नवा विद्यार्थी दाखल करताना त्याच्या घरचा उशीर एकदा तपासावा. त्यासाठी यंत्र लागत नाही. कीबोर्डजवळ मोबाइल ठेवून ध्वनिमुद्रण करावे. पट्टी तळाला आपटल्याचा ठक आणि स्पीकरमधला सूर यांत ऐकणाऱ्याला स्पष्ट फट जाणवली, तर जुळवणी बाकी आहे असे समजावे.

जुळवणी झाल्यावर एका चिठ्ठीवर ड्रायव्हरचे नाव, सॅम्पल रेट, बफर आणि पॉवरचे सेटिंग लिहून ती लॅपटॉपच्या तळाला चिकटवून द्यावी. विंडोजचे मोठे अपडेट आले की एन्हान्समेंट्स पुन्हा चालू झालेल्या किंवा सॅम्पल रेट बदललेला आढळतो. तेव्हा ती चिठ्ठी पाहून पालकांना घरच्या घरी पाच मिनिटांत सगळे पूर्ववत करता येईल.

आपला,
एक ध्वनितंत्रज्ञ,
विश्रामबाग, सांगली