न घातलेल्या दोन टाक्यांबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

स.न.वि.वि.

आम्ही तुमच्या लक्षात असू असं वाटत नाही. कॅज्युअल्टीत रोज किती जण येतात आणि जातात. ओळख पटावी म्हणून सांगतो: हँगरचा हूक लागून डाव्या डोळ्याची खालची पापणी फाटलेली सहा वर्षांची मुलगी, आणि तिला कडेवर घेऊन सारखा "टाके घाला ना लवकर" म्हणणारा बाप. तो बाप मी.

आधी आम्ही एका दवाखान्यात जाऊन आलो होतो. "दोन टाक्यांचं काम आहे," असं तिथे म्हणाले, पण पोरगी हात लावू देईना, म्हणून तुमच्याकडे आलो. तुम्ही मात्र जखमेकडे बघायलाच तयार नव्हतात. एकेक डोळा झाकून तिला बोटं मोजायला लावलीत, टॉर्च मारून बाहुली बघितलीत, पेन फिरवून डोळा चहूकडे वळतोय का ते पाहिलंत. मला तुमचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. "आधी डोळा, मग पापणी," एवढंच तुम्ही म्हणालात.

मग ओल्या गॉझने रक्त टिपून मला वाकून बघायला लावलंत. पापणीच्या कडेवर, नाकाच्या बाजूला, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं आणि अश्रू तिथून एका बारीक नळीने नाकात उतरतात, हे मला वयाच्या ३८व्या वर्षी कळलं. चीर नेमकी त्या छिद्राच्या आणि नाकाच्या मधे होती. तुम्ही म्हणालात, "वरून मी आत्ता टाके घातले तर कातडी छान जुळेल. पापणीला रक्तपुरवठा भरपूर, जखम पटकन भरते. पण आत नळी तुटलेलीच राहील, आणि पाणी गालावर वाहत राहील." टिटॅनसचं इंजेक्शन दिलंत, पट्टी बांधलीत, आणि पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनना रात्रीच फोन लावलात.

दुसऱ्या दिवशी पूर्ण भूल देऊन ऑपरेशन झालं. सूक्ष्मदर्शकाखाली नळीचं तुटलेलं टोक शोधायलाच बराच वेळ गेला म्हणे. त्यातून सिलिकॉनची बारीक नळी ओवली, पापणीची कड कडेला अचूक जुळवली, आणि गाठी बुबुळावर घासू नयेत म्हणून बाहेरच्या बाजूला वळवल्या. तीन महिन्यांनी ती नळी काढली. आता रडली तरच डोळ्यातून पाणी येतं. रडते मात्र भरपूर.

पुढे माझ्या आईला घेऊनही तुमच्याकडेच आलो. तिच्या बाबतीत चूक आमचीच. जड जेवण झालं की तिच्या पोटात वरच्या बाजूला कळ यायची, उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत जायची, तासा-दोन तासांनी थांबायची. "गॅस धरलाय," ती म्हणायची, आणि आम्ही अ‍ॅसिडिटीची गोळी पुढे करायचो. असे कित्येक महिने गेले. त्या रात्री कळ थांबेना, तापही चढला, आणि पुन्हा तुमचीच ड्युटी होती.

तुम्ही आधी ईसीजी काढलात. तो ठीक आला म्हटल्यावर मी चपला घालायला निघालो होतो. तुम्ही तिच्या उजव्या बरगड्यांखाली बोटं दाबून धरलीत आणि म्हणालात, "आजी, खोल श्वास घ्या." श्वास अर्ध्यावर अडकला. तसंच डाव्या बाजूला केलंत, तिथे काही नाही. सोनोग्राफीने नंतर सगळं दाखवलं: पित्ताशयाच्या मानेत अडकलेला खडा, सुजून जाड झालेली भिंत. पण तुमच्या बोटांनी ते त्याआधीच ओळखलं होतं.

दोन दिवसांत दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. त्या सर्जनांनी कागदावर चित्र काढून समजावलं: पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, मोकळ्या करून स्पष्ट दिसेपर्यंत ते काहीच कापत नाहीत. घाईत यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिकाच चुकून कापली गेली तर मोठा घोटाळा. ते बोलत होते आणि मला तुम्ही आठवत होतात, टॉर्च घेऊन बाहुली बघणाऱ्या. आईची तक्रार वेगळीच. "काढलं पोटातलं आणि दुखतोय खांदा!" पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे तसं होतं, दोन दिवसांत थांबतं, असं नर्सताईंनी सांगितलं, आणि थांबलंही.

दोन्ही वेळा ऑपरेशन करणाऱ्यांचे आभार मानायला आम्ही जाऊन आलो. तुमच्याकडे यायचं राहिलं, कारण तुम्ही आम्हाला पुढे पाठवलंत आणि लगेच पुढच्या पेशंटकडे वळलात. डिस्चार्ज कार्डावर तुमचं नावही नाही.

आमच्या कपाटात हल्ली दोन डब्या शेजारी शेजारी असतात. एकीत ती सिलिकॉनची नळी, दुसरीत आईचे अकरा खडे. घरी कोणी आलं की आजी-नात दोघी आपापली डबी काढून दाखवतात, आणि कुणाची आधी यावरून भांडतात. तुम्हालाही दाखवायच्या आहेत म्हणतात. रात्रपाळी नसेल असा एखादा दिवस कळवा.

आपला नम्र,
त्या मुलीचा बाबा