बॉनेट वेगवेगळी, इंजिन एकच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दोन स्पर्धक कंपन्यांनी हातमिळवणी केल्याची बातमी आली की आपल्याकडं लगेच दोनच निष्कर्ष निघतात, एकतर 'एक कंपनी बुडायला आली' नाहीतर 'आतून सेटिंग आहे'. मी पुण्याजवळ वाघोलीला नगर रोडवर गॅरेज चालवतो, मॅनेजमेंट वगैरे शिकलेलो नाही, पण हा प्रकार वर्षानुवर्षं बॉनेट उघडून बघितलाय म्हणून लिहितोय.

मागं एकदा माझ्याकडं स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा आणि पुंटो अशा तीन डिझेल गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि स्विफ्टवाला व्हिस्टावाल्याला ऐकवत होता की आमच्या इंजिनाची सर तुमच्या गाडीला नाही. मी गप तिन्ही बॉनेट उघडली. मारुती त्याला डीडीआयएस म्हणायची, टाटा क्वाड्राजेट, फियाट मल्टिजेट, आणि खाली सगळीकडं तेच फियाटचं १२४८ सीसीचं इंजिन. व्हिस्टावाला हसायला लागला, स्विफ्टवाला म्हणतो तुमचं कायतरी चुकतंय.

चुकत काही नव्हतं. नवीन डिझेल इंजिन उभं करायला इतका पैसा लागतो की एकट्याच्या गाड्यांवर तो वसूल होणं अवघड, मुळात हे इंजिन फियाटनंसुद्धा जनरल मोटर्सबरोबर मिळून काढलं होतं. इकडं मारुतीवाल्यांसाठी ते लायसन्सवर मानेसरला बनायचं आणि टाटा-फियाटसाठी इथं आमच्याच रस्त्यावर नगरच्या दिशेला रांजणगावला, दोघांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतल्या कारखान्यात. भांडण मग कशावर, तर सस्पेन्शन, एसी, किंमत, शोरूम, सर्व्हिस. आणि गंमत बघा, ज्याचं इंजिन त्याच्याच गाड्या सगळ्यात कमी खपल्या! फियाटच्या गाड्या २०१२ पर्यंत टाटाच्याच शोरूममधून विकल्या जायच्या, आता तिथला सेल्समन गिऱ्हाइकाला आधी कुठली गाडी दाखवणार हे सांगायला पाहिजे का. म्हणून म्हणतो, अशी बातमी देताना इंजिन कुणाचं एवढंच छापू नका, गिऱ्हाईक कुणाच्या हातात राहणार तेपण लिहा.

एप्रिल २०२० ला बीएस-६ म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम आले, आपल्याकडं ते इंजिन संपलं, मारुतीनं तर डिझेलच सोडलं. पण खेळ चालूच आहे. २०१९ ला टाटाची हॅरियर आली, त्याच वर्षी एमजीची हेक्टर, एकमेकींच्या छातीवर बसणाऱ्या गाड्या, आणि डिझेलला दोघींत तेच रांजणगावचं दोन लिटरचं इंजिन जे जीप कंपासमध्ये आहे. म्हणजे डिझेल हेक्टर विकली गेली की इंजिन जातं त्या कारखान्यातून जिथं टाटाचा निम्मा हिस्सा आहे. याला दोस्ती म्हणा का दुश्मनी, मला तर हा सरळ धंदा वाटतो.

तो स्विफ्टवाला परवा परत आला होता. सेकंडहँड डिझेल घ्यायचीय, म्हणे हॅरियर का हेक्टर, इंजिन कुणाचं दणकट? मी नगरच्या दिशेला बोट दाखवलं आणि चहा सांगितला.

आपला,
एक गॅरेजवाला, वाघोली