शनिवारचा चित्रपट: आय वॉज अ मेल वॉर ब्राइड

सभासदहो, येत्या शनिवारी संध्याकाळी ठीक ६ वाजता, नेहमीच्याच सभागृहात हॉवर्ड हॉक्स यांचा १९४९चा हा कृष्णधवल चित्रपट दाखवणार आहोत.

महायुद्धानंतरची जर्मनी. फ्रेंच कॅप्टन (कॅरी ग्रँट) आणि अमेरिकी सैन्यातली लेफ्टनंट (अ‍ॅन शेरिडन) भांडता भांडता लग्न करतात. १९४५च्या वॉर ब्राइड्स कायद्याने अमेरिकी सैनिकांच्या परदेशी जोडीदारांना अमेरिकेची वाट खुली झाली होती. पण इथे सैनिक आहे बायको, आणि सगळे फॉर्म 'वधू'साठी छापलेले! नवरदेवाला रात्री पाठ टेकायलाही जागा मिळत नाही. प्रत्येक कारकून नियमाने बरोबर आणि तरीही सगळे मिळून अशक्य, ही गंमत हॉक्स यांनी फार बारकाईने रंगवली आहे. शेरिडनकडे विशेष लक्ष द्या, ग्रँटच्या तोडीस तोड आहे ती. काही चित्रण प्रत्यक्ष हायडलबर्गमध्ये झालं आहे.

सुरुवातीचा मोटारसायकलचा प्रवास चुकवू नका, म्हणून वेळेवर या. संवाद भराभर आहेत, इंग्रजी सबटायटल्स ठेवू. पाहुणे आणणार असाल तर शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा, म्हणजे खुर्च्या मांडता येतील.