एम.एस्सी.नंतर काय करायचं ते ठरवलंय

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न.

आधी आईच्या काळजीचं. आई, तू दर फोनला विचारतेस, "त्या रोगजंतूंत हात घालतेस, तुलाच काही झालं म्हणजे?" तुला नुसतं "काही होत नाही गं" म्हणून गप्प करणं मला बरं वाटत नाही. व्हायरस किती घातक आहे, त्यावर लस-औषध आहे की नाही, हे बघून प्रयोगशाळांच्या चार पायऱ्या ठरवलेल्या असतात. आम्ही विद्यार्थी खालच्या पायऱ्यांवर शिकतो. निपाहसारखे व्हायरस चौथ्या पायरीवर हाताळतात. तशी देशातली पहिली प्रयोगशाळा आमच्या एनआयव्हीचीच, म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचीच आहे, पण ती पाषाणच्या आवारात, आणि तिथं खास तयार झालेली माणसंच आत जातात. आम्ही ज्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे खास कपाटात, काम करतो, तिथली हवा आत ओढली जाते आणि गाळूनच बाहेर पडते. काम झालं की वापरलेलं सगळं १२१ अंशांच्या वाफेत निर्जंतुक करतात, मगच टाकतात. आपल्या गोठ्यात आपण जितके बिनधास्त वावरतो, तितकं इथं कुणी वावरत नाही.

आता बाबांचा प्रश्न, "दिवसभर करता काय?" बाबा, व्हायरस एकटा वाढत नाही. त्याला जिवंत पेशी लागते. म्हणून आमचा निम्मा वेळ पेशी जगवण्यातच जातो. चपट्या बाटलीत गुलाबी पाणी असतं, त्याच्या तळाला पेशी चिकटून वाढतात. पाणी पिवळं पडायला लागलं की समजायचं, बदलायची वेळ झाली. बाटली भरली की त्यातल्या थोड्या पेशी नव्या बाटलीत घालायच्या, आई विरजण राखते तसं. मी ज्या पेशींवर शिकले त्यांना व्हेरो म्हणतात. १९६२ मध्ये जपानमध्ये एका आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातून त्या काढल्या, आणि आज जगभर त्यांचाच वंश वाढतोय. तुम्ही दोघांनी कोव्हॅक्सिन घेतली ना, तिच्यातला व्हायरस एनआयव्हीनं वेगळा केला होता आणि तो याच पेशींवर वाढवलेला होता.

पेशींत व्हायरस सोडल्यावर काय होतं, हे मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून बघितलं तेव्हा कितीतरी वेळ उठलेच नाही. आदल्या दिवशी पेशी एकमेकींना खेटून, फरशी बसवल्यासारख्या होत्या. दुसऱ्या दिवशी काही फुगून गोल झालेल्या, काही तळ सोडून तरंगत होत्या, मध्ये मोकळी भगदाडं. मग त्यावर जांभळा रंग ओतला. जिवंत पेशींना रंग चढला आणि मेलेल्यांच्या जागी पांढरे ठिपके उरले. ते ठिपके मोजून मूळ थेंबात किती व्हायरस होते याचा हिशेब लागतो. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट अशी बोट ठेवून मोजता येते, याचं मला अजून नवल वाटतं.

बाबा, आता जे लिहिते ते तुमच्यासमोर बसून मला बोलता आलं नसतं. २०२२ साली लम्पीत, त्या गुरांच्या गाठींच्या रोगात, आपली गाय कपिली गेली, तेव्हा मी साताऱ्याला बी.एस्सी.ला होते. घरी आले तर तिच्या मानेपासून पोटापर्यंत गाठी, पाय सुजलेले, आणि तुम्ही माश्या बसू नयेत म्हणून कडुलिंबाचा धूर करत रात्रभर तिच्याजवळ. लस घेऊन माणूस गावात आला तोवर ताप आपल्या गोठ्यात शिरला होता. तुम्ही त्याला विचारलंत, "ही शेळ्यांच्या देवीची लस, गाईला काय करायची?" त्याला सांगता आलं नाही. मलाही आलं नाही. पुण्यात हा कोर्स घ्यायचा, हे मी त्या गोठ्यात ठरवलं.

उत्तर आता देते. लम्पीचा, शेळीच्या देवीचा आणि मेंढीच्या देवीचा, हे तिन्ही व्हायरस सख्खी भावंडं आहेत. त्यांच्या रचनेत फारच थोडा फरक आहे. एकाला ओळखायला शिकलेलं शरीर दुसऱ्यालाही बऱ्यापैकी ओळखतं. तुमच्या दंडावर लहानपणीच्या टोचणीचा जो वण आहे, त्यामागं हेच आहे. त्या लसीत माणसाच्या देवीचा व्हायरस नव्हता, त्याच्या नात्यातला दुसरा, सौम्य व्हायरस होता. १७९६ मध्ये इंग्लंडात जेन्नरनं गाईच्या देवीची लस टोचून माणसाला देवीपासून वाचवलं आणि १९८० मध्ये देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं. गाईनं माणसाला दिलं, शेळीनं गाईला दिलं. पण उसनं संरक्षण पुरेसं पडेलच असं नाही. लम्पीची स्वतःची लस हिसार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी तयार केली, तीही त्याच २०२२ साली.

आणि आजोबा ज्या बुळकांडीच्या आठवणी सांगायचे, एकेका साथीत गोठेच्या गोठे रिकामे करणारी, ती २०११ मध्ये जगातून गेली. तिची लसही वासराच्या पेशींवर वाढवलेल्या व्हायरसचीच होती. माणसाची देवी आणि जनावरांची बुळकांडी, एवढे दोनच रोग आजवर माणसानं पुरते हटवलेत. त्यातला एक गुराढोरांचा आहे, हे आपल्या खटाव-माणच्या माणसांना कुणी सांगत नाही.

म्हणून मला एम.एस्सी.नंतर लगेच कंपनीत नोकरी करायची नाही. जनावरांच्या व्हायरसवर पीएच.डी. करायची आहे. पैशांची चिंता करू नका. राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात, तुमच्याकडून मागावं लागणार नाही. अभ्यास जोरात चालू आहे. आत्याने आणलेलं स्थळ चांगलं असेल, पण पुढची काही वर्षं मला या कामात द्यायची आहेत. मला थोडी सवड द्या, आणि आत्याला हे तुम्हीच सांगा. माझं ती ऐकायची नाही.

आता माझ्या दोन मागण्या. आई, नळ एकाआड एक दिवस येतो म्हणून तू हौद भरून ठेवतेस. त्या साठलेल्या पाण्यात डेंगूचे डास वाढतात, आणि ते दिवसा चावतात. आठवड्यातून एकदा हौद रिकामा करून आतून घासून काढ, एरवी झाकण घट्ट. बाबांना ताप आला तर उरलेली अँटिबायोटिकची पाकिटं काढू नकोस. व्हायरसवर ती चालत नाहीत. डेंगूत तर पॅरासिटामॉल सोडून दुसरी वेदनाशामक गोळी रक्तस्राव वाढवू शकते. आधी तपासणी, मग औषध.

बाबा, चार महिन्यांवरच्या वासरांना लम्पीची लस पावसाआधी टोचून घ्या, आणि टोचल्याची तारीख वहीत लिहा. सेवागिरीच्या यात्रेला मी पुसेगावला येते आहे. पीएच.डी.बद्दल तुमचं मत मात्र तोवर राहू देऊ नका, लगेच कळवा.

तुमची,
धाकटी