घराचे कागद शिगम्यापर्यंत

बाल्टिमोर,
10 ऑगस्ट 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण कोंकणीतच बोलतो, पण कागद पुढे घेतला की हात आपसूक मराठीवर येतो. सवय तुमचीच. मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं, पाठ दुखायची थांबली. आणि आई, त्या दिवशी आवाज बसला होता तो थंड पाण्याने, बाकी काही नव्हतं.

बाबा, सावंतवाडीच्या काकांनी पाठवलेली बातमी तुम्ही मला तीनदा पाठवलीत. अमेरिका कर्जात बुडाली, पोराने परत यावं. बुडालेली नाही. माझी कंपनी हॉस्पिटलांची बिलं बघते, तिला आज तरी काही धक्का नाही. तरी हा प्रकार काय ते नीट सांगतो, कारण सहा वर्षं झाली तरी मलाही तो पचलेला नाही.

इथली संसद खर्च ठरवते, कर किती घ्यायचा तेही तीच ठरवते. दोन्हींचा मेळ बसणार नाही हे तिला पक्कं ठाऊक असतं. मग तूट भरायला कर्ज काढायची वेळ आली की तीच डोळे वटारते. समजा चवथीचं सामान पसरकाराकडून उधारीवर आलं, नेवऱ्या तळून झाल्या, पाहुणे खाऊन गेले, आणि मग तुम्ही, आई आणि काका गणपतीवरच्या फळांच्या माटोळीखाली बसून मतं घेताय, की वहीतली उधारी फेडायला हात उसने घ्यायचे की नाहीत. अगदी तसंच! सरकारने एकूण किती कर्ज काढायचं याची ही मर्यादा 1917 पासूनची, पहिल्या महायुद्धाचे रोखे काढले तेव्हाची. 1960 पासून ती पाऊणशेच्या वर वेळा वाढवली किंवा लांबवली. यंदा जानेवारीत 36.1 लाख कोटी डॉलरवर अडली होती, 4 जुलैला आणखी 5 लाख कोटी वाढवले. मधले सहा महिने अर्थखात्याने कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती फंडात रोखे टाकायचं थांबवून वगैरे दिवस काढले. मर्यादा वाढली की ते भरून द्यावे लागतात. आई तांदळाच्या डब्यातले हळदीकुंकवाचे पैसे काढून सिलिंडर घ्यायची आणि ट्रकचं भाडं आलं की परत ठेवायची, तेच.

काका म्हणतात, वाढवूच नये, म्हणजे सुधारतील. 2011 मध्ये शेवटच्या दिवसापर्यंत ताणलं होतं. मर्यादा वाढली, पण तीनच दिवसांत पत ठरवणाऱ्या एस अँड पी कंपनीने अमेरिकेची पत उतरवली. आणि नुसती वाढवत गेलं तरी भोगावं लागतंच. या मे महिन्यात तसल्याच मूडीजने पत उतरवली ती कर्ज आणि व्याजाकडे बोट दाखवून. गेल्या वर्षी नुसतं व्याज संरक्षण खर्चाच्या पुढे गेलं.

मला विचाराल तर वाढवावीच लागते. 2012 ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा आपला खनिजाचा ट्रक अंगणात उभा होता, टायरातून वेल वर चढली होती, आणि तुम्ही बँकेत जाऊन कर्जाचं नवं-जुनं केलंत. बँकेने तेव्हा हात वर केले असते तर आपण शहाणे झालो नसतो, फक्त ट्रक गेला असता. पण तुम्ही 1 तारखेला हप्त्याचा आकडा कॅलेंडरवर लिहायचात, तो येताजाता सगळ्यांना दिसायचा. इथे आकडा दिसतो तो भांडणापुरता. हात आखडायचा असेल तर सामान मागवताना आखडावा. (काजूच्या बागेवरचं सोसायटीचं कर्ज काका दर मार्चला नवं-जुनं करतात, हे त्यांना मी सांगितलं म्हणून सांगू नका.)

आता पैशाचं. बायच्या लग्नाच्या हॉलसाठी 2 लाख पाठवले आहेत, उरलेले दिवाळीपर्यंत नक्की. माझ्या शिक्षणाचं कर्ज फेडून घराचे कागद बँकेतून या चवथीला सोडवतो म्हटलं होतं, ते शिगम्यापर्यंत थांबावं लागेल. गाडी घेतली, हप्त्यावर. चैन नव्हे, ऑफिसकडे बसच जात नाही. ही तारीख मी तिसऱ्यांदा पुढे ढकलतोय हे माझ्या लक्षात आहे. आई, तू मोजत असशीलच.

कुडाळच्या मुलीचा फोटो बघितला. छान आहे. पण बायचं आधी होऊ दे.

चवथीला यंदाही जमत नाही, रजा लग्नासाठी राखून ठेवली आहे. बाबा, माटोळीला नारळ बांधताना बायला शिडी धरायला लावा. एकट्याने चढू नका.

तुमचा,
भाई