‘घरीच असते’ असे लिहून देऊ नका

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा विमा कंपनीचा माणूस आईच्या अपघाताच्या भरपाईबाबत तडजोडीचा कागद ठेवून गेला आणि आईच्या व्यवसायाबद्दल त्याने विचारल्यावर बाबांनी ‘काही नाही, घरीच असते’ असे उत्तर दिले, हे आईकडून फोनवर कळले. बाबा, तुम्ही ते सहज बोलून गेलात, पण अपघाताच्या दाव्यात भरपाईचा सगळा हिशेब त्याच उत्तरावर उभा राहतो. म्हणून सही करण्यापूर्वी हे पत्र शांतपणे वाचावे.

भरपाईच्या रकमा गेल्या काही वर्षांत वाढल्या आहेत, त्या केवळ महागाईमुळे नव्हे. नुकसान कशाला म्हणायचे, याविषयीची न्यायालयांची समजच बदलली आहे. 1994 साली मोटार वाहन कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात न कमावणाऱ्या व्यक्तीचे उत्पन्न वर्षाला 15,000 रुपये धरले होते आणि तो आकडा वर्षानुवर्षे हलला नाही. जमशेदपूरच्या आगीत दगावलेल्या गृहिणींच्या कामाचे मोल सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली महिन्याला 3,000 रुपये ठरवले. पुढे 2010 च्या एका निकालात, जनगणनेने घर सांभाळणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैदी यांच्या जोडीला ‘काम न करणाऱ्यां’त बसवले आहे, याकडे न्यायालयाने बोट दाखवले. आई, ते वाचल्यावर मला बराच वेळ पुढे वाचवेना. जानेवारी 2021 च्या निकालात तर 2019 च्या सरकारी पाहणीचा आधार घेतला आहे: घरकामात बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटे जातात, पुरुषांची 97. गृहिणीचे उत्पन्न अंदाजाने धरणे ही मेहेरबानी नसून तिच्या श्रमांची दखल आहे, ही भूमिका त्या निकालाने स्पष्टपणे मांडली.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. डॉक्टर दाखल्यावर हाताचे अपंगत्व टक्क्यांत लिहितात, पण त्या हाताने माणूस काय करत होता, हे दावा ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने पाहायचे असते. डावा हात गेलेल्या सुताराची जवळजवळ सगळी कमाई बुडते, तर सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते, हा फरक 2010 च्याच दुसऱ्या एका निकालात समजावून दिला आहे. मागच्या भेटीत आई परातीतली कणीक डाव्या हाताने गोळा करत होती, आणि उजवे मनगट वळत नाही म्हणून कुकरचे झाकण लावायला तिने तुम्हाला हाक मारली. तुमच्या दृष्टीने ती किरकोळ अडचण असेल. दाव्याच्या दृष्टीने तोच पुरावा आहे.

हिशेबाची रीत साधी आहे. वर्षाच्या नुकसानीला ज्या आकड्याने गुणायचे तो गुणक 2009 पासून वयानुसार ठरलेला आहे आणि आईच्या 62 या वयाला तो 7 आहे. समजा, तिच्या कामाचे मोल महिन्याला 10,000 रुपये आणि कामातली घट 20 टक्के धरली, तर या एकाच बाबीखाली 1,68,000 रुपये होतात. औषधोपचार, वेदना आणि मदतनीस यांचे पैसे वेगळे. मदतनिसाचा खर्चही गुणकाने मोजता येतो; अपघातात पूर्णपणे परावलंबी झालेल्या एका मुलीसाठी 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने दोन मदतनिसांचे मिळून महिन्याला 10,000 रुपये धरून, 18 च्या गुणकाने 21,60,000 रुपये दिले. आईची दुखापत तेवढी गंभीर नाही, हे आपले भाग्य. पण धुण्याभांड्यांसाठी ठेवलेल्या बाईंचा पगार तिच्या मनगटामुळेच द्यावा लागतो आहे, तेव्हा तो दाव्यात आलाच पाहिजे.

आता त्या कागदाविषयी. त्यात ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द आहेत. त्यावर सही झाली की पुढे मनगटावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली तरी मागण्याचा मार्ग बहुधा बंद होतो. तडजोड वाईट नसते, आणि तुम्हाला या वयात तारखांना खेटे घालायला लावण्याची माझी मुळीच इच्छा नाही. मात्र अपंगत्वाचा दाखला हाती येण्याआधी ती करू नये. दावा दाखल करण्यासाठी कायद्याने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, त्यातले अडीच महिने गेले आहेत.

शनिवारी मी येते आहे. तोपर्यंत बाबा, औषधांची बिले आणि पोलिसांच्या कागदांची प्रत एका पिशवीत ठेवा, आणि आई पहाटेपासून रात्रीपर्यंत काय काय करत असे आणि आता त्यातले काय तिला जमत नाही, ते वहीत तुमच्या हाताने लिहा. आईला लिहायला सांगितले तर ती निम्मे गाळील.

तुमची लेक